जुन्या घराची दारे बदलताय? कंत्राटदाराला ‘हो’ म्हणण्याआधी हे तपासा

नूतनीकरण सुरू झाले की कंत्राटदार विचारतो, ‘दारं सगळी नवीनच टाकायची ना?’ आणि आपण मान डोलावतो. पण जुन्या घरांतील अनेक दारे-चौकटी सागवानाच्या असतात. एकदा त्या भंगारात गेल्या की तसेच लाकूड आजच्या दरात घेणे महाग पडते. मग ठेवायचे काय, बदलायचे काय?

आधी चौकट पाहा
चौकटीच्या तळाशी स्क्रू ड्रायव्हर टोचा. तो सहज आत गेला, तर वाळवी किंवा कुज आहे, चौकट बदला. लाकूड ठणठणीत असेल तर चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे नसतील तर चौकट तिरकी झाली आहे. तिथे तयार दार नीट बसणार नाही, सुताराकडून मापाने करून घ्यावे लागेल.

पावसाळ्यात दार अडकते?
तेवढ्यासाठी दार बदलू नका. लाकूड ओलावा शोषून फुगते. आधी बिजागरीचे स्क्रू घट्ट करा. तरीही घासत असेल तर कड रंध्याने थोडीशीच तासा आणि उघड्या लाकडाला रंग किंवा पॉलिश लावा. भर पावसात जास्त तासले, तर उन्हाळ्यात फट दिसते.

नवीन घ्यायचेच असेल तर
• बेडरूम: भरीव फ्लश डोअर घ्या. त्यावर आयएसआय चिन्ह आणि ‘आयएस २२०२’ हा क्रमांक पाहा. पोकळ दार स्वस्त असते, पण आवाज फारसा अडवत नाही.
• बाथरूम: पीव्हीसी, डब्ल्यूपीसी किंवा एफआरपी. पाण्याने ही दारे लाकडासारखी फुगत नाहीत.

घरात ज्येष्ठ आहेत?
बाथरूममध्ये कोणी दाराला टेकून पडले, तर आत उघडणारे दार ढकलता येत नाही. जागा असेल तर ते बाहेर उघडणारे करा. लॉकही बाहेरून उघडता येईल असे निवडा. जुन्या बाथरूमची दारे अनेकदा दोन-अडीच फुटांचीच असतात. केंद्र सरकारच्या सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांत ९०० मिमी, म्हणजे सुमारे तीन फूट मोकळी रुंदी सांगितली आहे. रुंदी वाढवायची असेल तर टाइल्स लावण्याआधीच ठरवा. भिंत भार पेलणारी असू शकते, म्हणून स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारल्याशिवाय ती फोडू नका.

शेवटचे, पण विसरू नका
जुन्या फरशीवर नवी टाइल बसली की जमीन वर येते. त्यामुळे नव्या दाराचे माप फरशीचे काम संपल्यावरच द्या.