अंडं पोटात गेलं, पण पुढे?

हरसूलकडच्या एका अंगणवाडीताईंचा प्रश्न आहे: पोरगं अंडं खातं, नागलीची भाकरी खातं, तरी वजनकाटा हलत का नाही? कमी वजनाचा जन्म, क्षयरोग अशी कारणं डॉक्टर तपासतीलच. मात्र एका कारणाबद्दल फारसं कुणी बोलत नाही, ते म्हणजे लहान आतड्याचं अस्तर.

आतड्याच्या भिंतीचे चार थर शाळेत पाठ केलेले असतात. सगळ्यात आतल्या थरावर व्हिलाय नावाचे सूक्ष्म उंचवटे उभे असतात, राबावर दाटीनं उगवलेल्या भाताच्या रोपांसारखे. (त्यामुळे आतड्याचं क्षेत्रफळ टेनिस कोर्टाएवढं होतं, असं पुस्तकं सांगतात. २०१४ मध्ये स्वीडनच्या हेलांडर आणि फेंड्रिक्स यांनी हिशेब केला, तर अख्खी पचननलिका सरासरी ३२ चौरस मीटर भरली!) व्हिलायच्या बुडाशी खळगे असतात. तिथं नव्या पेशी जन्मतात, वर सरकतात आणि तीन ते पाच दिवसांत टोकावरून गळून पडतात. दुधातली साखर फोडणारं लॅक्टेज वरच्या, पिकलेल्या पेशींतच असतं.

दूषित पाणी वारंवार पोटात गेलं, की जुलाब नसतानाही या पेशी लवकर मरतात. भर काढायला खळगे खोल होतात, व्हिलाय आखूड पडतात. पेशींमधले सांधे सैलावतात, जंतूंचे अंश आत झिरपतात आणि दाह सुरू होतो. मग खाल्लेल्यातलं काही त्या दाहातच खर्ची पडतं.

हे ओळखण्यात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे सेल्विन बेकर आणि व्ही. आय. मथन यांचा वाटा मोठा. धडधाकट दिसणाऱ्या दक्षिण भारतीयांच्या आतड्यांतही त्यांना हे बदल दिसले; १९७२ मध्ये त्यांनी त्यावर लिहिलंही. आज संशोधकांमध्ये हा विषय जगभर गाजतो, पण ही नावं क्वचितच घेतली जातात. वंशाचा दोष म्हणावा, तर पूर्व पाकिस्तानात राहिलेल्या अमेरिकी स्वयंसेवकांचे व्हिलायही तसेच आखडले होते, आणि मायदेशी परतल्यावर सुधारले.

मग पाण्यात क्लोरीन टाकलं की झालं? तसंही नाही. बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वेत घरोघरी शौचालयं, हात धुण्याची सोय आणि पाण्यासाठी क्लोरीन देऊन पाहिलं. २०१८-१९ मध्ये निकाल आले, तेव्हा त्यानं मुलांची उंची वाढलेली नव्हती. याचं एक संभाव्य कारण असं: तान्ही मुलं अंगणातली माती तोंडात घालतात, आणि त्याच अंगणात कोंबड्या-शेळ्याही असतात. कोंबड्यांची विष्ठा क्लोरीनच्या बाटलीनं आवरत नाही.