वजन, रक्तदाब आणि मिठाचा चमचा

श्रोतेहो, दिवसांतून दोनच वेळां, तेंहि ५५ मिनिटांच्या आंत जेवावें, हा डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा उपदेश व्हॉट्सअॅपच्या वाटेनें बीडकडील घरांतहि पोंचला आहे. अशा मार्गदर्शनानें वजन उतरतें. किलोमागें वरचा रक्तदाब सुमारें एका अंकानें घटतो. पण मीठ कोण मोजतो? दिवसाची मर्यादा ५ ग्रॅम, चहाचा जेमतेम एक चमचा. ठेचा, लोणचें, पापड यांतच ती सरते. भाकरी तरी आळणी थापावी.

खरा धोका निराळाच. आंकडा उतरला कीं मंडळी गोळी सोडतात. तो बहुधा गोळीनेंच उतरलेला असतो! ती कमी करावयाची तर नोंदींची वही घेऊन अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत दाखवावी. मोजण्यापूर्वीं ५ मिनिटें स्वस्थ बसावें.