धानाची लोंबी, रबराचा ठसा आणि दिवाळीचे कार्ड

बालाघाटहून गोंदिया चाळीसेक किलोमीटर. १८६७ साली बालाघाट जिल्हा झाला आणि इंग्रजी अमदानीत तो नागपूर विभागातच मोडत असे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. सीमा आखली गेली, पण सोयरिकी काही थांबल्या नाहीत. इकडची लेक भंडाऱ्याला दिलेली, तिकडची सून वारासिवनीत आलेली, मामा नागपुरात, आत्या गोंदियात, अशी घरे या भागात गल्लोगल्ली सापडतील. दिवाळीच्या शुभेच्छा आता या सगळ्यांना मोबाइलवर एका झटक्यात जातात आणि दुसऱ्या दिवशी कोणी काय पाठवले होते ते आठवतही नाही. हाताने केलेले कार्ड मात्र देवघराच्या फळीवर नाहीतर कपाटाच्या काचेमागे वर्षभर उभे राहते.

असे कार्ड करायला परदेशी साहित्याचा संच लागतो, हा समज आधी दूर केला पाहिजे. चांगला कागद, एक खोडरबर, थोडा रंग आणि धारदार कात्री एवढ्यावर काम भागते. आणि नक्षीचे म्हणाल, तर बालाघाट जिल्ह्याजवळ स्वतःचे इतके आहे की उसनवारी करायची गरजच नाही.

टपालाने घडवलेली रीत

शुभेच्छापत्राचा जन्म टपालाच्या स्वस्ताईतून झाला. इंग्लंडमध्ये १८४० साली एका पेनीत देशभर पत्र जाऊ लागले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८४३ मध्ये, हेन्री कोल यांनी चित्रकार जॉन कॉलकॉट हॉर्सली यांच्याकडून नाताळचे चित्र काढून घेतले, ते शिळाछापावर छापले आणि एका शिलिंगाला विकायला ठेवले. त्यातले रंग हाताने भरलेले होते. बाजारात आलेले हे पहिले नाताळकार्डसुद्धा अर्धे हाताचेच होते.

आपल्याकडे १८५४ मध्ये अर्ध्या आण्यात देशात कुठेही पत्र जाऊ लागले आणि १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड आले. मराठी घरांनी त्याचा सर्वांत गोड उपयोग केला तो संक्रांतीला. छोटेसे छापील भेटकार्ड, सोबत इवल्याशा पाकिटात हलव्याचे चार दाणे आणि ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ हा निरोप. दूरच्या माणसाच्या तळहातावर टपालाने तिळगूळ ठेवण्याची ही रीत खास आपली.

पुढे १९७९ साली दिल्लीत आर्चीज सुरू झाली आणि छापील कार्डांची दुकाने शहरोशहरी निघाली. त्याच वर्षी मुंबईत रिप्पन कपूर यांनी ‘क्राय’ ही संस्था स्थापन केली. मुलांच्या कामासाठी तिने शुभेच्छापत्रे विकून निधी उभा केला. कार्डाच्या मागे कोणाचे तरी काम आणि कोणासाठी तरी मदत असते, ही जाणीव अशा कार्डांनी दिली. मोबाइल आल्यावर दुकाने ओसरली. हाताने कार्ड करणाऱ्याला मात्र त्याने फरक पडत नाही, कारण त्याचे कार्ड दुकानात नव्हतेच.

आधी कागद

कार्डाचा निम्मा रुबाब कागदात असतो, आणि कागदाच्या बाबतीत मराठी मुलुख जुना जाणकार आहे. दौलताबाद-खुलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात शतकानुशतके हाताने कागद बनत आला. जुन्नरचा कागदही पेशवाईत नावाजलेला होता. चिंध्या आणि तंतू कुटून लगदा करायचा, तो पाण्यात कालवायचा, चाळणीवर पातळ थर उचलायचा, दाबून पाणी काढायचे, वाळवायचे आणि गुळगुळीत दगडाने घोटायचे, असा हा क्रम. घोटल्यामुळे बोरू अडखळत नाही आणि शाई फुटत नाही.

गांधीजींच्या प्रेरणेने १९३४ साली वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि हातकागदाला नवे दिवस आले. पुण्याची हातकागद संस्था १९४० ची. तिच्यामागे प्राध्यापक के. बी. जोशी यांचे परिश्रम होते. भारतीय संविधानाची हिंदी हस्तलिखित प्रत वसंत कृष्ण वैद्य यांनी सुलेखनात लिहिली, तिचा कागद पुण्याच्या हातकागद केंद्रातला. देशाचा सर्वांत मोलाचा दस्तऐवज ज्या कागदाने पेलला, त्याच जातीच्या कागदावर आपण भाऊबीजेच्या शुभेच्छा लिहू शकतो.

बालाघाटच्या जंगलात बांबू आहे आणि शेतात धानाचे तणस. दोन्हींपासून कागद होतो, पण गुण वेगवेगळे. बांबूचा तंतू लांब, म्हणून कागद चिवट. तणसाचा तंतू आखूड आणि त्यात सिलिका भरपूर, म्हणून नुसत्या तणसाचा कागद कडक आणि ठिसूळ होतो, घडीवर तडकतो. सुती चिंध्यांच्या लगद्यात थोडे शिजवलेले तणस मिसळले तर पिवळसर काड्या दिसणारा देखणा कागद मिळतो. घरी करून पाहायचा असेल तर हेच मिश्रण धरावे.

विकतचा कागद घेताना जीएसएम विचारावा. एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन म्हणजे जीएसएम. वहीचा कागद साधारण ६० ते ७०, कार्डाला २०० ते २५० हवा. यंत्रावर बनलेल्या कागदात तंतू एका दिशेने लोळलेले असतात. ताव दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहावा; ज्या बाजूने सहज वाकतो त्या बाजूने घडी पाडावी. उलट दिशेने पाडलेली घडी फाटल्यासारखी दिसते. हातकागदात तंतू सगळीकडे पसरलेले असल्याने ही अडचण जवळपास नसते. जाड कागद थेट दुमडू नये. शाई संपलेल्या बॉलपेनने पट्टीच्या आधाराने एक खोल रेघ ओढावी आणि मग दुमडून चमच्याच्या पाठीने दाबावे. दुकानातल्या कार्डाची सुबक घडी हेच करून येते.

ठसा कसा उमटतो

आपल्यापैकी बहुतेकांनी पहिला ठसा शाळेत भेंडीचा उमटवला. आडवी कापलेली भेंडी म्हणजे पाच पाकळ्यांचे तयार फूल. बटाट्यावर हवा तो आकार कोरता येतो, मात्र कापल्यावर त्याचे पाणी फडक्याने टिपून घ्यावे, नाहीतर रंग पातळ होऊन कडा पसरतात.

टिकाऊ ठसा हवा तर खोडरबर घ्यावे. चार्ल्स गुडइयर यांनी गंधक आणि उष्णतेने रबर टिकाऊ करण्याच्या कृतीचे पेटंट १८४४ मध्ये घेतले, आणि पुढच्या पंचवीसेक वर्षांत रबरी शिक्के कचेऱ्यांत पोहोचले. घरी तोच शिक्का तासाभरात होतो. बटर पेपरवर मऊ पेन्सिलीने नक्षी काढावी, पेन्सिलीची बाजू रबरावर पालथी ठेवून नखाने घासावी. नक्षी रबरावर उलटी उतरते आणि कागदावर सुलटी येते. ‘शुभ दीपावली’ अशी अक्षरे कोरायची असतील तर ही युक्ती फारच कामाची. मग रेघांच्या बाहेरचे रबर टोकदार पात्याने काढून टाकावे. पाते बाहेरच्या बाजूला तिरपे धरावे, म्हणजे रेघेला खाली रुंद पाया राहतो. सरळ खोल कापले तर बारीक रेघ दाबाखाली वाकते.

कचेरीच्या स्टॅम्प पॅडची शाई कागदात मुरते, त्यामुळे हातकागदावर ती पसरू शकते. पोस्टर रंग किंवा कापडाचे रंग स्पंजवर पातळ थरात घेऊन ठशाला लावावेत. ते कागदाच्या वर बसतात. कागदाखाली वर्तमानपत्राच्या चारपाच घड्या ठेवाव्यात, ठसा सरळ खाली टेकवावा, तळहाताने सारखा दाब द्यावा आणि सरळ वर उचलावा. डोलवला की कडा दुहेरी येतात. खरखरीत हातकागदाला ठळक आकार, गुळगुळीत कार्डाला बारीक रेघा, एवढे पथ्य पाळावे.

एकामागे एक वस्तू दाखवायच्या असतील तर पुढची आधी छापावी. तोच ठसा रद्दी कागदावर उमटवून आकार कापून घ्यावा, कार्डावरच्या ठशावर तो झाकण म्हणून ठेवावा आणि मागची वस्तू वरून छापावी. झाकण उचलले की पणतीमागे पणती अशी रांग उभी राहते.

रंगही रानातून मिळतो. हिरड्याचा काढा आणि गंजलेल्या लोखंडाचे पाणी एकत्र आले की काळी शाई होते. थोडा डिंक घातला की ती ठशाला धरते. पळसफुलांचा केशरी रंग सुंदर, पण उन्हात उडतो. पाकिटात राहणाऱ्या कार्डाला चालतो, भिंतीवर लावायच्या कार्डाला नाही.

बालाघाटची नक्षी

बालाघाटच्या सुवासिक चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, वारासिवनीच्या हातमागाच्या साडीला २०२३ मध्ये. डिंडोरीच्या गोंड चित्रांनाही त्याच वर्षी. कार्ड करणाऱ्याला यातली प्रत्येक गोष्ट उपयोगी आहे. साडीच्या काठासारखी नक्षी म्हणजे एकच छोटा आकार ओळीने पुन्हा पुन्हा, आणि ठसेकामाचे मर्मही तेच. दोन सेंटिमीटरचा एक ठसा कार्डाच्या कडेने ओळीत उमटवला की काठ तयार. पहिल्या ठशाची उजवी कड आणि दुसऱ्याची डावी कड जुळावी म्हणून पेन्सिलीने फिकट खुणा करून घ्याव्यात.

गोंड घरांत भिंतीवर आणि जमिनीवर काढल्या जाणाऱ्या डिगना नक्षीला फार जुनी परंपरा आहे. पाटणगढचे जनगढसिंग श्याम १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला भोपाळच्या भारत भवनापर्यंत पोहोचले आणि ही चित्रे कागदावर व कॅनव्हासवर आली. भज्जू श्याम, दुर्गाबाई व्याम आणि रामसिंग उर्वेती या तिघांच्या झाडांच्या चित्रांचे पुस्तक चेन्नईच्या तारा बुक्सने २००६ मध्ये काढले. ते हातकागदावर, हातानेच पडदाछपाई करून. हाताच्या छपाईला किती उंची गाठता येते ते त्यात दिसते. एक गोष्ट मात्र पाळली पाहिजे. आकारात भरायच्या ठिपक्या-रेघांची प्रत्येक गोंड कलाकाराची स्वतःची अशी ठेवण असते, तीच त्याची सही. ती उचलून आपल्या कार्डावर छापणे योग्य नाही. हवी असेल तर त्या कलाकाराकडून चित्र विकत घ्यावे; आपल्या कार्डावर आपली नक्षी काढावी.

बालाघाट जिल्ह्यातलेच मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये गोंडी भाषेसाठी लिपी तयार केली. मसराम गोंडी या नावाने ती २०१७ मध्ये युनिकोडमध्ये दाखल झाली. गोंडी बोलणाऱ्या मित्राला त्याच्या लिपीत, त्याच्याचकडून तपासून घेतलेला एक शब्द कोरून पाठवावा. यापेक्षा आपुलकीची भेट कोणती?

एक कार्ड, सुरुवातीपासून

ए-फोर आकाराचा २५० जीएसएमचा ताव मधोमध कापावा. हाती १४.८ बाय २१ सेंटिमीटरचा तुकडा येतो. तो मधोमध दुमडला की कार्डाचे पान १०.५ सेंटिमीटर उंच होते.

दर्शनी पानावर धानाची लोंबी करू. तीन मिलिमीटर रुंदीच्या पिवळ्या कागदी पट्ट्या घ्याव्यात. दहा सेंटिमीटरची पट्टी टाचणीभोवती गुंडाळून जरा सैल सोडावी, टोक डिंकाने चिकटवावे आणि एका बाजूने चिमटा घ्यावा. थेंबासारखा दाणा होतो. असे पंधरा-वीस दाणे हिरव्या पट्टीच्या वाकलेल्या देठावर दोन्ही बाजूंनी, टोके बाहेर ठेवून चिकटवावेत. वरचे दाणे लहान, खालचे मोठे. भरलेली लोंबी वाकते, म्हणून देठ सरळ ठेवू नये. खालच्या कडेला साडीच्या काठाचा ठसा मारावा.

आत उभी राहणारी पणती हवी. त्यासाठी पातळ कागदाचे त्याच आकाराचे आतले पान घ्यावे. घडीच्या बाजूने तीन सेंटिमीटरच्या अंतरावर दोन सेंटिमीटर लांबीच्या दोन समांतर चिरा द्याव्यात. मधली पट्टी आतल्या बाजूला ढकलली की पायरी तयार होते. हे पान चिरांचा भाग सोडून कार्डाला चिकटवावे आणि पायरीच्या पुढच्या बाजूवर, तळाशी जुळवून, पणती लावावी. चिरेची लांबी आणि पणतीची उंची यांची बेरीज १०.५ सेंटिमीटरच्या आत असली पाहिजे, नाहीतर कार्ड मिटल्यावर ज्योत बाहेर डोकावते. इथे पणती आठ सेंटिमीटरपर्यंत उंच चालेल.

अशा कार्डाचा कागद आठेक ग्रॅम भरतो. आतले पान, लोंबी आणि साधे पाकीट धरूनही बहुधा वीस ग्रॅमच्या आत बसते, आणि वीस ग्रॅमपर्यंतच्या साध्या पत्राला टपाल खात्याचे पाच रुपये पडतात. वजन पोस्टात करूनच तिकीट लावावे. लोंबी चेपू नये म्हणून तिच्यावर मऊ कागद ठेवावा. पिनकोड ठळक लिहावा, बालाघाटचा ४८१००१.

बाकी मजकूर दोनच ओळींचा, पण आपल्या अक्षरात असू द्या. घरातल्या मुलांना ठसे कोरायला नाही, पण उमटवायला नक्की बसवा, आणि आजीला पत्ते सांगायला. दिवाळी उलटली असेल तरी हरकत नाही, संक्रांत तोंडावर आहे. ज्या पाच माणसांना या वर्षी भेटणे झाले नाही त्यांची नावे आजच काढा आणि पाच कार्डे टाका. हलव्याचे चार दाणे घालायला विसरू नका.