टायगर, ट्राम आणि वराडकर

लक्ष्मीपूजनाला मोठा सिनेमा लावायचा नाही, हा मुंबईच्या सिनेधंद्यातला जुना शिरस्ता. त्या संध्याकाळी माणसं पूजेला घरी असतात आणि थिएटरं ओस पडतात. यशराज फिल्म्सने तो मोडला आणि ‘टायगर ३’ १२ नोव्हेंबर २०२३ला, ऐन लक्ष्मीपूजनाला आणला. डब्लिनमधल्या मराठी घरांना मात्र हा मुहूर्त सोयीचाच. इथे दिवाळीची सुट्टी नसते, त्यामुळे सण रविवारी आला हेच नशीब. नोव्हेंबरात साडेचारच्या सुमारास अंधारतं. फटाक्यांचा तर प्रश्नच नाही, कारण फुलबाज्यांसारखं किरकोळ काही सोडलं तर विनापरवाना फटाके बाळगणंही आयर्लंडमध्ये गुन्हा आहे. मग पूजा आटोपून, फराळ करून, पार्नेल स्ट्रीटवरच्या सिनेवर्ल्डसारखं एखादं थिएटर गाठायचं. त्याच रात्री मालेगावात प्रेक्षकांनी चालू खेळात, थिएटरच्या आतच, रॉकेटं सोडली आणि प्रकरण पोलिसांत गेलं.

डब्लिनकर या मालिकेचा पुढचा भाग पाहतो तो घरच्या नात्याने. कबीर खान दिग्दर्शित ‘एक था टायगर’ (१५ ऑगस्ट २०१२) या पहिल्या भागाचा मोठा तुकडा इथेच घडतो. ‘रॉ’चा हेर टायगर लेखक असल्याची बतावणी करून ट्रिनिटी कॉलेजातल्या प्राध्यापक किदवाईंवर पाळत ठेवायला येतो. क्षेपणास्त्राचं तंत्रज्ञान ते पाकिस्तानला पुरवतात, असा संशय असतो. किदवाई झालेत रोशन सेठ, ‘गांधी’मधले नेहरू. त्यांच्या घराची देखभाल करणारी झोया निघते आयएसआयची हेर. ट्रिनिटीची स्थापना १५९२ची. ‘एज्युकेटिंग रीटा’त (१९८३) याच आवाराने इंग्लंडमधल्या विद्यापीठाचं सोंग वठवलं होतं. सलमान खानच्या सिनेमात ते निदान स्वतःच्या नावाने उभं राहिलं.

आणि ती ट्राम! ‘लुआस’ या डब्लिनच्या ट्रामसेवेची ब्रेक निकामी झालेली गाडी टायगर जिवावर उदार होऊन थांबवतो. २०११ साली, चित्रीकरण झालं तेव्हा, लुआसचे लाल आणि हिरवा हे दोन मार्ग एकमेकांना मिळालेलेही नव्हते; मधलं अंतर लोक पायी कापत. त्या वर्षी देशाचे वाहतूक, पर्यटन आणि क्रीडामंत्री होते लिओ वराडकर, मूळ घराणं मालवण तालुक्यातल्या वराडचं. म्हणजे टायगरने थांबवलेली ट्राम आणि सिनेमातून फुकटात जाहिरात झालेलं शहर, दोन्ही खाती एका सिंधुदुर्गी आडनावाकडे. जून २०१७मध्ये वराडकर पंतप्रधान झाले. ९ डिसेंबरला लुआसचे दोन मार्ग शहराच्या मध्यातून, ट्रिनिटीवरून, जोडले गेले आणि २२ डिसेंबरला ‘टायगर जिंदा है’ झळकला. ‘टायगर ३’ आला तेव्हाही पंतप्रधान वराडकरच, दुसऱ्या खेपेला. पटकथेत असा योगायोग घातला असता तर कुणी खपवून घेतला नसता.

डब्लिनच का, याचं एक उत्तर रुक्ष आहे. कलम ४८१ या नावाने ओळखली जाणारी करसवलत परदेशी निर्मात्यांना इकडे ओढते. ती सर्वसाधारणपणे देशात केलेल्या पात्र खर्चाच्या ३२ टक्के असते. पण हेरकथेसाठी हे शहर मुळातच शोभतं. १९२०च्या आसपास डब्लिन पोलिसांच्या गुप्तचर शाखेत नेड ब्रॉय नावाचा माणूस अहवाल टाइप करायला बसे. तो एक जादा कार्बन घाली आणि ती प्रत आयरिश स्वातंत्र्यलढ्याचा गुप्तहेरप्रमुख मायकेल कॉलिन्स याच्याकडे पोचवी. २१ नोव्हेंबर १९२०च्या रविवारी सकाळी कॉलिन्सच्या माणसांनी ब्रिटिश हेरांना त्यांच्या मुक्कामाच्या खोल्यांत गाठून मारलं, आणि दुपारी क्रोक पार्कच्या मैदानावर ब्रिटिशांनी प्रेक्षकांवर गोळीबार केला. आजच्या तटस्थ आयर्लंडला परदेशी हेरगिरीसाठी वेगळी संस्थाच नाही.

दुसऱ्या भागात डब्लिन नव्हतं, तरी तो इथे जवळचा वाटला. त्यामागे २०१४मध्ये इराकमधल्या तिक्रितहून सुटून आलेल्या ४६ भारतीय परिचारिकांची हकिगत आहे. पडद्यावर भारतीयांबरोबर पाकिस्तानी परिचारिकाही आहेत आणि रॉ-आयएसआय मिळून त्यांना सोडवतात. आयर्लंडची रुग्णालयं भारतीय, त्यातही मल्याळी परिचारिकांवर केवढी विसंबून आहेत हे इथे दवाखान्याची पायरी चढलेल्या कुणालाही ठाऊक आहे. शिवाय पाकिस्तानात हे दोन्ही भाग लागलेच नाहीत. इथे मात्र लाहोरची माणसं आणि नागपूरची माणसं एकाच रांगेत पॉपकॉर्न घेऊन बसू शकतात.

पहिल्या दोन्ही भागांत ‘रॉ’चे प्रमुख शेणॉय म्हणजे गिरीश कार्नाड. माथेरानला जन्मलेले आणि ‘उंबरठा’मुळे मराठी प्रेक्षकाच्या घरचे. त्यांच्या थकलेल्या, कारकुनी शहाणपणामुळे टायगरच्या उड्या थोड्या तरी खऱ्या वाटायच्या. २०१९मध्ये ते गेले. तिसऱ्या भागात प्रमुखाची खुर्ची रेवतीकडे आली, पण तिला बोलायला उसंत कुठे? शाहरुखचा पठाण टायगरला सोडवायला येतो, शेवटी हृतिकचा कबीर डोकावतो, आणि मधल्या वेळात माणसं कमी, गाड्या जास्त.

माझ्या मते तिन्ही भागांत हेर खरोखर हेरगिरी करतो तो फक्त डब्लिनमध्ये. प्राध्यापकाच्या घराभोवती घुटमळतो, थापा मारतो, कंटाळतो, भलत्याच व्यक्तीच्या प्रेमात पडतो. पुढच्या भागांत तो सरळ लढाईवर जातो, आणि त्यासाठी पाळत ठेवणाऱ्याची गरजच उरत नाही. एक रणगाडा पुरतो.