कापसाची गाळणी, मक्याची गाळणी

पाण्याच्या फिल्टरविषयी दवाखान्यात हल्ली बरीच विचारणा होते. कोणता घ्यावा, किती वर्षे टिकतो, हे नेहमीचे प्रश्न. अलीकडे त्यात एकाची भर पडली आहे. ‘डॉक्टर, वनस्पतींपासून केलेल्या प्लॅस्टिकच्या गाळण्या निघणार म्हणतात. त्या तब्येतीला अधिक चांगल्या का?’ माझे उत्तर असे की, गाळणी कशाची आहे यापेक्षा तिची छिद्रे केवढी आहेत आणि ती शाबूत आहे का, हे महत्त्वाचे.

आधी आकार समजून घेऊ. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो. विषमज्वराचा जंतू दोन-तीन मायक्रॉन लांबीचा. काविळीचे ए आणि ई हे विषाणू मात्र सुमारे ०.०३ मायक्रॉनचे. फडक्याने गाळ अडतो, चांगल्या कँडलने बरेचसे जंतू अडतात, पण विषाणू निसटतात. त्यांना अडवायला फार बारीक छिद्रांचा पातळ पडदा लागतो. यालाच मेम्ब्रेन म्हणतात.

असा पडदा वनस्पतीपासून करणे ही गोष्ट नवी नाही. सरकीवरचे आखूड तंतू किंवा लाकडाचा लगदा म्हणजे सेल्युलोज. त्यावर रासायनिक प्रक्रिया केली की सेल्युलोज ॲसिटेट हे प्लॅस्टिक मिळते. १९६० च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि मूळ भारतीय असलेले श्रीनिवास सौरीराजन यांनी ते ॲसिटोनच्या द्रावणात विरघळवून त्याचा पातळ थर पसरला आणि थंड पाण्यात बुडविला. द्रावण बाहेर पडले, पाणी आत शिरले. वर सायीसारखा घट्ट पापुद्रा आणि खाली सच्छिद्र थर असा पडदा तयार झाला. मग गरम पाण्यात ठेवून वरची छिद्रे आणखी आवळली. अशाच पडद्यांवर १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातील कोलिंगा गावी खारे पाणी पिण्याजोगे करणारे यंत्र सुरू झाले. आजच्या आरओचा हा पूर्वज. पुढे खनिज तेलापासून बनणारे पॉलिअमाइडचे पडदे आले. ते पाणी अधिक सोडतात आणि क्षार अधिक अडवतात, म्हणून घरगुती आरओत आज तेच असतात.

वापरलेल्या मेम्ब्रेनचा कचरा साठत चालल्याने संशोधक पुन्हा वनस्पतींकडे वळले आहेत. मक्यातील किंवा उसातील साखर आंबवून लॅक्टिक ॲसिड करतात. दह्याला आंबटपणा येतो तो त्याचाच. त्यापासून पॉलिलॅक्टिक ॲसिड हे प्लॅस्टिक तयार होते. आम्हा डॉक्टरांना हे कुटुंब ओळखीचे आहे. शस्त्रक्रियेतील काही विरघळणारे टाके लॅक्टिक आणि ग्लायकोलिक ॲसिडच्या धाग्याचे असतात.

खरी अडचण इथेच आहे. टाका विरघळला तर उत्तम, पण गाळणी विरू लागली तर? पॉलिलॅक्टिक ॲसिड पाण्यात हळूहळू तुटते आणि ६० अंशांच्या आसपास मऊ पडते. सेल्युलोज ॲसिटेटला काही जंतू खातात. पडद्याला बारीकशी चीर पडली तरी पाणी पूर्वीसारखेच स्वच्छ दिसते, फक्त विषाणू आत येतात. म्हणून कुजणारा तरीही काम करेतो टिकणारा पडदा बनविणे, हे संशोधकांपुढचे कोडे आहे. शिवाय असे प्लॅस्टिक परसातल्या खड्ड्यात टाकले की लगेच माती होते, असेही नाही. त्याला भरपूर उष्णता लागते.

यात धोका कोणाला, तेही सांगतो. ई प्रकारची कावीळ एरवी बहुधा आपोआप बरी होते, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत झाली तर शंभरातील वीस-पंचवीस माता दगावू शकतात.

तेव्हा वाचकहो, फिल्टर घेताना ‘नैसर्गिक’ या शब्दावर भुलू नका. तो विषाणू अडवितो का आणि मेम्ब्रेन कधी बदलायची, हे विचारा. मुदत संपली की पैशाकडे न पाहता ती बदला. गावात काविळीची साथ असेल तर फिल्टर कोणताही असो, पाणी खळखळून उकळा आणि झाकून ठेवा. घरात गरोदर बाई असेल तर हे एक दिवसही चुकवू नका.