मेजर अर्थशास्त्र, मायनर स्त्री-अभ्यास: हाती काय लागतं?

आता नेहमी येणाऱ्या प्रश्नाकडे वळू. अर्थशास्त्र मेजर आहे, सोबत स्त्री-अभ्यास मायनर घेतला, तर उपयोग काय? श्रेयांक मिळतात, ते सोडून देऊ.

एक उदाहरण बघा. राष्ट्रीय उत्पन्न शिकताना आपण वाचतो की, पगारी स्वयंपाकीण बाईंचं काम त्यात धरतात. तोच स्वयंपाक आईने घरी केला तर धरत नाहीत. आपण व्याख्या पाठ करतो आणि पुढे जातो. स्त्री-अभ्यासाच्या तासाला मात्र तिथेच थांबावं लागतं. २०१९ च्या देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देतात, तर घरकाम करणारे पुरुष ९७. म्हणजे बाईचे जवळजवळ पाच तास, आणि उत्पन्नाच्या हिशेबात शून्य!

हा विषय आपल्याकडे वाढला तोच अशा प्रश्नांतून. १९७४ च्या ‘समानतेकडे’ अहवालाने दाखवून दिलं की, १९०१ साली हजार पुरुषांमागे ९७२ स्त्रिया होत्या, १९७१ मध्ये ९३० उरल्या. आकडे जनगणनेत होतेच. त्यांचा जाब विचारणं महत्त्वाचं ठरलं. त्याच वर्षी मुंबईच्या एसएनडीटी विद्यापीठात नीरा देसाईंच्या पुढाकाराने स्त्री-अभ्यासाचं संशोधन केंद्र उभं राहिलं.

तेव्हा मायनर निवडताना ‘स्कोरिंग आहे का’ एवढंच बघू नका. आपल्या मेजरच्या पुस्तकात कोणाचं काम मोजलेलं नाही, हे शोधायची तयारी असेल, तर हा विषय जरूर घ्या.