आटे नसलेली मर्लिन

मर्लिन कंपनीची सुरुवातीची टायटॅनियम फ्रेम उलटी धरून बॉटम ब्रॅकेटच्या नळकांड्यात डोकावलं, तर आत आटे दिसत नाहीत. क्रँकचा एक्सल जातो ते भोक आतून सपाट, गुळगुळीत. जुन्या टायटॅनियम रोड बाइक शोधणारी मंडळी विकायला आलेल्या फ्रेमच्या फोटोत आधी ही जागा बघतात, आणि आटे नसले की बरेचजण तिथूनच मागे फिरतात. मी मात्र त्या जागेपाशी अडकलो. या सायकलींचं वेड मला फार जुनं आहे. फ्रेम घ्यायचं ठरलं तेव्हा बॉस्टनला राहणाऱ्या भाचीमार्फत एक वापरलेली मर्लिन मिळवली, आणि आटे का नाहीत याचा माग काढता काढता एका छोट्या कारखान्याच्या इतिहासात शिरलो.

टायटॅनियमच्या सायकलीचा शोध मर्लिनने लावलेला नाही. इंग्लंडच्या स्पीडवेलने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच अशा फ्रेम्स विकल्या होत्या आणि 1973 ची टूर द फ्रान्स जिंकणारा लुइस ओकान्या डोंगराच्या काही टप्प्यांत त्यांतलीच एक चालवत होता. पाठोपाठ कॅलिफोर्नियात टेलिडाइन टायटन आली. या जुन्या सायकलींची दुखणी एकाच मुळातून निघतात. टायटॅनियमचं वजन पोलादाच्या निम्म्याहून थोडं जास्त, पण ताठपणाही पोलादाच्या जेमतेम निम्मा. पोलादाच्या मापाच्या नळ्या टायटॅनियममध्ये घडवल्या की फ्रेम हलकी होते आणि प्रत्येक पॅडलबरोबर वळवळते. त्यात टेलिडाइनने मिश्रधातू न घेता जवळपास शुद्ध टायटॅनियम वापरलं. ते मऊ असतं. आज टायटन विकत घ्यायची ती भिंतीवर लावण्यासाठी. तिच्यावर बसून सिंहगडाचा घाट उतरायचा विचारही करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हा धातू दुर्मीळ अजिबात नाही. रत्नागिरी जिल्ह्यात मालगुंडपासून पूर्णगडपर्यंतच्या किनाऱ्यावर जी काळी वाळू सापडते, तिच्यात इल्मेनाइट आहे, म्हणजे लोखंड आणि टायटॅनियमचं खनिज. महाग आहे ते त्यातून धातू मोकळा करणं. खनिजापासून आधी टायटॅनियमचं क्लोराइड करायचं, मग बंद भांड्यात मॅग्नेशियमशी त्याची अभिक्रिया घडवायची. हाती लागतो सच्छिद्र गोळा, ज्याला स्पंज म्हणतात. लक्झेंबर्गच्या विल्यम क्रोलची ही पद्धत 1940 च्या आसपासची आहे आणि मुख्यतः तीच अजून चालते. केरळात चवऱ्याला 2011 मध्ये सुरू झालेला आपला स्पंजचा कारखानाही त्याच वाटेने जातो.

सायकलीला खरा उपयोगी पडला तो विमानांच्या हायड्रॉलिक नळ्यांचा मिश्रधातू. त्यात 3 टक्के अॅल्युमिनियम आणि 2.5 टक्के व्हॅनेडियम असतं. तो थंड अवस्थेत ओढून पातळ, बिनजोड नळी करता येते आणि सतत हिसके बसले तरी ती लवकर थकत नाही. ऐंशीच्या दशकात अशा नळ्या अमेरिकेत मिळत होत्या. सायकलीसाठी त्या मोठ्या व्यासाच्या हव्यात, हे ओळखणारी माणसं तेवढी हवी होती.

ती माणसं बॉस्टनला लागून असलेल्या सॉमरव्हिलमध्ये होती. ख्रिस चान्सचं फॅट सिटी सायकल्स हे वर्कशॉप तिथलं. तिथून बाहेर पडलेला गॅरी हेलफ्रिच, त्याच्याबरोबर माइक ऑग्सपर्गर आणि ग्विन जोन्स, या तिघांनी 1986 च्या सुमारास मर्लिन सुरू केली. आधी माउंटन बाइक, मग रोड. इकडे टेनेसीत लिन्स्की कुटुंबाच्या मशीन शॉपमधून लाइटस्पीड निघाली, आणि पुढची दहा-बारा वर्षं ही दोन नावं एकमेकांसमोर उभी राहिली.

मर्लिनच्या जोडांवरची वेल्डिंगची रेघ बघत राहावी अशी असते. एकेक लहर सारख्या मापाची. पण टायटॅनियमची वेल्डिंग दिसण्यावर जोखू नये. तापलेलं टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन शोषून ठिसूळ होतं, म्हणून बाहेरून तर आर्गॉनचा झोत लागतोच, शिवाय नळीच्या आतही आर्गॉन भरून ठेवावा लागतो. नीट झाकलेला जोड चांदीसारखा किंवा फार तर फिकट पिवळा राहतो. निळा, जांभळा दिसला तर शंका घ्यावी. पांढुरका भुरा थर असेल तर फ्रेम परत करावी. बाहेरचे डाग घासून काढता येतात, आतले कुणी काढत नाही. त्यामुळे जुनी फ्रेम घेताना सीटपोस्ट काढून, हेडसेट उतरवून आत टॉर्च मारावा. मग नळ्या कोरड्या फडक्याने पुसून चिरा शोधाव्यात: हेड ट्यूबच्या मागे खालच्या नळीवर, चेनस्टे जिथे बॉटम ब्रॅकेटला मिळतात तिथे, सीट ट्यूबच्या खाचेच्या टोकाशी आणि केबल अडवणाऱ्या प्रत्येक बारीक तुकड्याभोवती. संशय आला तर डाय पेनिट्रंटची चाचणी करून घ्यावी. औद्योगिक वसाहतीत ती सहज होते.

वेल्डिंगवरून फ्रेम बांधणाऱ्यांत एक जुना वाद आहे, आणि तो मला फार आवडतो. एका पक्षाचं म्हणणं, जोडावरून दोनदा जावं: पहिल्या फेरीत तार न घालता दोन्ही नळ्या एकमेकींत वितळवायच्या, दुसऱ्या फेरीत तार घालून भर द्यायची. दुसरा पक्ष म्हणतो, पहिल्याच फेरीत तार घाला; तार न घालता वितळवलेला जोड कमजोर राहतो आणि पुन्हा तापवल्याने शेजारचा धातूही बिघडतो. रॉब व्हँडरमार्क मर्लिनमध्ये तयार झाला, 1997 मध्ये त्याने सेव्हन सायकल्स काढली आणि ती एकाच फेरीची कट्टर समर्थक राहिली. दोन्ही पद्धतींच्या पंचवीस-तीस वर्षं चाललेल्या फ्रेम्स मी हाताळल्या आहेत. माझा कौल एका फेरीला आहे, कारण तिथे वेल्डरला पहिल्याच दमात सगळं बरोबर करावं लागतं.

आता आट्यांकडे येतो. टायटॅनियमवर आटे पाडणं त्रासाचं, कारण हा धातू हत्याराला चिकटतो, ओरबाडला जातो. आटे पाडायचे तर भिंतही जाड ठेवावी लागते. मर्लिनने आटेच काढून टाकले आणि बेअरिंग थेट फ्रेममध्ये दाबून बसवलं. वजन वाचलं, कप गेले, सैल होण्यासारखं काही उरलं नाही. अट एकच: वेल्डिंगच्या उष्णतेने नळकांडं किंचित लंबगोल होतं, म्हणून भोक अगदी अचूक हवं. माझ्या फ्रेमचं भोक इतक्या वर्षांनीही गेजला गोल भरलं.

पुढे जे घडलं त्याचा मला अजून राग येतो. 2006 मध्ये कॅननडेलने दाबून बसवायचा आपला बीबी30 सगळ्यांना खुला केला, आणि मोठमोठ्या कंपन्यांनी तीच कल्पना पुरेशी अचूकता न पाळता कार्बन फ्रेम्समध्ये घातली. जगभर सायकली करकरू लागल्या. बदनामी झाली ती कल्पनेची. 2015 मध्ये टी47 नावाचं मोठ्या आट्यांचं नवं माप आलं आणि चांगले फ्रेम बांधणारे तिकडे वळले. या सगळ्या गदारोळात मर्लिनचं नाव कुणी घेतलं नाही.

बाकीची जुळणी लवकर सांगतो. मागच्या चाकाचं अंतर आधी मोजावं. 126 मिलिमीटर निघालं तर पोलादी फ्रेमसारखं फाकवून 130 करता येत नाही. टायटॅनियम परत मूळ जागी येतं. माझी 130 ची निघाली. सीटपोस्ट 27.2 मिलिमीटरचा, आणि तो अँटी-सीझ लावल्याशिवाय कधीच घालू नये, नाहीतर अॅल्युमिनियमचा पोस्ट टायटॅनियमच्या नळीत कायमचा बसतो. हेडसेट एक इंची, त्यामुळे आजचे कार्बनचे चिमटे बाद. मी पोलादी चिमटा लावला आणि तो या फ्रेमला शोभतो.

बेअरिंग नेहमीच्या औद्योगिक मापाचं आहे, नाना पेठेत मिळालं. एक्सल मिळेना. जुना एक्सल बेअरिंगच्या जागी झिजला होता. शेवटी भोसरीच्या एका टर्नरने ईएन-24 पोलादाचा नवा करून दिला. चौकोनी टोकांचा 2 अंशांचा उतार त्याने तीनदा तपासला, कारण तिथे चूक झाली तर क्रँक तिरका बसतो. बेअरिंगच्या जागा ग्राइंड करून घेतल्या. मापांसह त्याचं ड्रॉइंग माझ्याकडे आहे. आटे नसलेली मर्लिन कुणाकडे पडून असेल तर त्यांनी अंकाच्या संपादकांमार्फत ते जरूर मागवून घ्यावं.